शनिवारचा वारा

अक्षर बाबांचं आहे हे तान्ना मालयार्सच्या लक्षात आलं ते नऊच्या आकड्यावरून. मिडलबुर्खच्या दफ्तरखान्यात, मंगळवारी सकाळी, ती नेहमीच्या खिडकीशी बसली होती. समोर करड्या पुठ्ठ्याची पेटी आणि पेटीत फितीनं बांधलेल्या जाडजूड नोंदवह्या. ओसेबांक नावाच्या वाळूच्या दांड्यावर नांगरून ठेवलेल्या एका दीपनौकेच्या. जमिनीवर दीपगृह उभं असतं तसं हे जहाज वर्षानुवर्षं समुद्रात एकाच जागी उभं असायचं. डोलकाठीवर दिवा, पोटात सात माणसं, आणि दर तीन तासांनी वारा, लाटा, ढग पाहून वहीत लिहायचं काम. नऊची शेपटी ओळीखाली उतरून डावीकडे वळली होती आणि टोकाला किंचित जाड झाली होती, जणू लिहिणाऱ्याचा हात तिथं थांबून मग उचलला गेला असावा. ही शेपटी तिनं मुरंब्याच्या बरण्यांवर पाहिली होती, शाळेच्या प्रगतिपुस्तकांत पाहिली होती, कोळशाच्या खोलीच्या दारावर खडूनं लिहिलेल्या तारखांत पाहिली होती. ती पाहताच पहिल्यांदा तिला आनंदच झाला, रस्त्यात अचानक घरचं माणूस भेटावं तसा. मग तिनं पानाच्या डोक्यावरची तारीख वाचली. एकतीस जानेवारी, एकोणीसशे त्रेपन्न. शनिवार. तिनं वही मिटली नाही, पण हात मांडीवर घेतला.

त्या शनिवारी रात्री समुद्राचा पूर आला तेव्हा बाबा, मारिनुस मालयार्स, समुद्रावर होते, एवढंच घरात बोललं जाई. कुठल्या जहाजावर, काय करत होते, हे विचारायची वेळ कधी आली नाही, किंवा आली तेव्हा बाबांच्या बहिणीनं, नेला आत्यानं, सूप वाढायला घेतलं. तान्ना त्या वेळी तीन वर्षांची. डांग्या खोकला झाला म्हणून तिला खूसला आत्याकडे आणून ठेवलं होतं; आई आणि सहा वर्षांचा भाऊ कोबुस स्खाउवेन बेटावर घरीच राहिले, कारण कोबुसची शाळा होती. बांध फुटला तो रविवारी पहाटे. आई आणि कोबुस दोघंही चार दिवसांनी सापडले, निरनिराळ्या शेतांत. हे सगळं तिला माहीत होतं ते सांगून माहीत होतं. स्वतःचं असं तिच्याकडे फक्त एक होतं: लोकरीच्या ओल्या स्कार्फचा वास आणि तो स्कार्फ गळ्याला घट्ट गुंडाळणारे हात. ते हात आईचे की आत्याचे, हे पन्नाशी उलटली तरी ठरलं नव्हतं.

बारा वाजता फोन वाजला. हवामान संस्थेतला योस्ट. तिशीचा पोरगा, नेहमी धापा टाकल्यासारखा बोलायचा.

"अहो मालयार्सबाई, ओसेबांक सापडली म्हणे! माझी चेष्टा करत नाही ना?"

"पेटी आलीय. वाचायला घेतलीय."

"त्रेपन्नचा जानेवारी आहे त्यात? शेवटचा शनिवार?"

"आहे."

"देवा!" तो खरोखरच खुर्चीतून उठला असावा. "बाई, त्या रात्री आपल्या किनाऱ्यासमोर उभं राहून लिहीत असलेलं हे एकच जहाज. बाकीची एकतर बंदरात, नाहीतर देवाचं नाव घेत बसलेली. स्खाउवेनच्या तोंडावरचा नवा बांध किती उंच ठेवायचा ते पुरानंतर इंजिनिअरांनी याच जहाजाच्या आकड्यावरून ठरवलं. वाऱ्याचा जोर बारापैकी नऊ. नुसता आकडा गेला होता त्यांच्याकडे, मूळ पान कोणी पाहिलंच नाही. शुक्रवारपर्यंत टाका एवढं. नवी आकडेमोड त्याच्यासाठीच अडून बसलीय."

"बघते," ती म्हणाली.

नऊ वर्षं ती हेच काम करत होती. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या खलाशांनी लिहून ठेवलेला वारा संगणकात भरायचा. मसाल्याची जहाजं, देवमाशांच्या शिकारीला गेलेली जहाजं, मिठाची, माणसांची. त्या वाऱ्यांतून योस्टसारखी माणसं जुनं हवामान पुन्हा उभं करत आणि त्यावरून पुढचं ताडत. तिला त्या गणितातलं कळत नसे. तिला अक्षर कळे. खलाशी लिहितो तेव्हा जहाज त्याच्या कोपराखाली हलत असतं. सात जोराचा वारा असला की ओळ उजवीकडे चढू लागते, आठला अक्षरांवरचे ठिपके अक्षरांपासून सुटतात, नऊ-दहाला माणूस एका हातानं टेबल धरून लिहितो आणि प्रत्येक शब्द वेगळ्याच माणसानं लिहिल्यासारखा दिसतो. माणूस शब्दांत खोटं बोलेल, पण मनगट खोटं बोलत नाही, असं ती नव्या मुलींना शिकवताना म्हणायची आणि मुली हसायच्या. आता तिनं भिंग घेतलं. शनिवारी दुपारी तीनची नोंद तशीच होती, चढलेली, फाटलेली. एका ठिकाणी टाक कागदात रुतून शाई फुटली होती. मग संध्याकाळी सहा. रात्री नऊ. बारा. तीन. सकाळी सहा. नऊ. सहा नोंदी, सहाही ठिकाणी वायव्य, सहाही ठिकाणी नऊ, आणि अक्षर सरळ, गोल, रविवारी चर्चहून आल्यावर टेबलाशी बसून पत्र लिहावं तसं. टाक एकदा बुडवल्यावर शाई गडद येते, मग फिकी होत जाते. इथं रात्री नऊच्या नोंदीत फिकी होत चाललेली शाई बाराच्या नोंदीत तशीच पुढे फिकी होत गेली होती. मधले तीन तास त्या शाईला ठाऊकच नव्हते.

ती कॉफी प्यायला खाली गेली, बोलुस नावाचा दालचिनीचा चिकट पाव घेतला आणि तो बशीत तसाच ठेवून वर आली. वरती पान तसंच उघडं होतं. कुणीतरी ते पाहिलं असेल असं तिला वाटलं, आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

लहान मुलं पाढे शिकतात तशी ती वाऱ्याच्या पायऱ्या शिकली होती. बाबा दोन आठवडे समुद्रावर असत, दोन आठवडे घरी. घरी असले की जेवायला बसण्याआधी मागचं दार उघडून उभे राहात. "तान्ने, किती?" ती बोट ओलं करून हवेत धरायची. "चार!" "चार कसे? पॉपलरची पानं बघ. पाच." ते हसत नसत, पण बरोबर सांगितलं तर तिच्या ताटात बटाटा जास्त पडे. साऱ्या गावात तिच्या बापासारखा वारा ओळखणारा माणूस नव्हता. लोक कपडे वाळत घालायच्या आधी विचारून जात. आणि ह्याच माणसानं सहा वेळा नऊ लिहिला होता, एकाच बैठकीत, बाहेर न पाहता. हे लक्षात आल्यावर तिला जे वाटलं त्याला नाव नव्हतं. लाज म्हणावी तर लाज नव्हे. जिन्याची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं काहीतरी, पण ते एका क्षणात संपत नव्हतं. दिवसभर पाय खालीच जात राहिला.

बुधवारी दुपारी ती कालव्याकाठच्या रस्त्यानं सायकलीवर व्लिसिंगनला गेली. समोरून वारा. बाबा तिथल्या वृद्धाश्रमात, समुद्राकडे तोंड असलेल्या खोलीत राहात. एकोणऐंशी वय, कान तिखट, गुडघे गेलेले. खिडकीतून जाणारी जहाजं मोजणं हा उद्योग.

"आलीस? वाळली आहेस. दफ्तरखान्यात खायला देत नाहीत का?"

"धूळ देतात, बाबा. पोटभर."

"मग ठीक आहे. ती बघ, अँटवर्पला चाललीय. बघ कशी बसलीय पाण्यात, गाभण गाईसारखी." त्यांनी तिच्यासाठी झाकून ठेवलेलं बिस्किट पुढं सरकवलं. "थोबाड का असं?"

"ओसेबांकच्या वह्या आल्यात आमच्याकडे."

बाबांनी खिडकीवरची नजर काढली नाही. "त्या जाळल्या म्हणत होते."

"नाही जाळल्या."

"सरकार नको ते जपून ठेवतं."

"शनिवारचं पान कधी लिहिलंत?"

"शनिवारी."

"बाबा, मी नऊ वर्षं हेच बघते. ते दुसऱ्या कुणाला सांगा."

बाहेर बोट वळून दिसेनाशी होईपर्यंत ते तिच्याकडेच बघत राहिले. तिला वाटलं, आता हा माणूस ओरडेल, आणि ओरडला तर बरं होईल.

"सोमवारी," ते म्हणाले. "दुपारी. वारा पडल्यावर."

मग त्यांनी सांगितलं, अगदी सपाट आवाजात, दुसऱ्याचं सांगावं तसं. कप्तान दाढ दुखते म्हणून किनाऱ्यावर गेलेला. वाऱ्यामुळे परत येऊ शकला नाही. जहाज त्यांच्या ताब्यात. तीनची नोंद केली. चारला अंधारून आलं. साखळी अशी ओढत होती की प्रत्येक हिसक्याला सगळं जहाज ओरडायचं. पाच वाजता ते खोलीत शिरले, खाटेवर पडले आणि रविवारी दुपारपर्यंत उठले नाहीत. पांघरूण दातांत धरून पडून राहिले. बाकीचे पाचजण खाली पंपावर. त्यांना वाटलं, मारिनुस वर आहे, मारिनुस बघतोय.

"आणि रेडिओ?"

"तार तुटली होती. वाऱ्यानं."

"मग नऊ कुठून आणला?"

"सोमवारी ओढबोट आली. तिच्यावरच्या माणसानं बुडालेल्या गावांची नावं सांगितली. आपलं तिसरं होतं." त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. "मग तो म्हणाला, वही लागेल. मी खाली जाऊन लिहिली. अकरा लिहिला असता तर विचारलं असतं, एवढं दिसत होतं तर कळवलं का नाहीस. आठ कुणी मानला नसता. नऊ बरा होता."

"बरा होता?"

"पोरी, माझं सगळं गेलं होतं. तुझं नाव त्या माणसाला माहीत नव्हतं. तू आहेस की नाहीस हे मला बुधवारी कळलं. मी नऊ लिहिला. त्या बिस्किटाचं काय करतेस?"

ती काही करत नव्हती. बिस्किट तिच्या हातात चुरलं होतं आणि ती चुरा बशीत गोळा करत होती. बाबांना जवळ घ्यावं असं तिला वाटत होतं, आणि त्याच वेळी खोलीतून पळावंसंही. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हाडं पाखरासारखी लागली.

परत येताना वारा पाठीशी होता, पायडल मारावं लागत नव्हतं, आणि म्हणूनच डोकं मोकळं राहिलं. पुलाच्या जवळ आल्यावर तिला ते कळलं. तार तुटली होती, तर मग कळवलं का नाहीस असं कोण कशाला विचारणार होतं? तार तुटली होती, एवढं उत्तर पुरे होतं. पूल वर उचललेला होता, खालून वाळू भरलेलं एक लांब जहाज कसलीही घाई नसल्यासारखं सावकाश चाललं होतं. पलीकडे शाळकरी पोरं घंट्या वाजवत उभी. ती घंट्यांचा आवाज ऐकत राहिली. पूल खाली आला तेव्हा तिनं जोरात पायडल मारायला सुरुवात केली, पाठीशी वारा असूनही.

बुधवारची आणि गुरुवारची झोप कुठं गेली कुणास ठाऊक. ती दिवसा दिव्याखाली बसून दुसऱ्याच वह्या भरत राहिली आणि प्रत्येक वहीतल्या माणसाबद्दल तिला शंका येऊ लागली. सतराशे ऐंशीचा हा दुसरा अधिकारी, इतका नेटका, हाही खाटेत पडून होता का? नऊ वर्षांत तिनं लाखभर वारे भरले असतील. तिनं फक्त एकदाच, गुरुवारी दुपारी, असा विचार केला की सहा नऊ भरून टाकावेत आणि मोकळं व्हावं. कुणाला कळणार? अठ्ठेचाळीस वर्षं तो नऊ चाललाच होता. त्याच्यावर बांध उभा होता, बांधावर गवत, गवतावर मेंढ्या. आणि बांधाखाली, दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या नव्या घरात, तिची मुलगी ल्यूनी आपल्या दोन पोरांसह राहात होती. ल्यूनीनं तिथं घर घेतलं तेव्हा बाबा पहिल्यांदा आणि शेवटचं तिच्यावर ओरडले होते. सगळ्यांना वाटलं, म्हातारा जुन्या दुःखानं ओरडतोय.

शुक्रवारी सकाळी तिनं सहा चौकटी रिकाम्या ठेवल्या. शेऱ्याच्या जागी लिहिलं: नोंदी प्रत्यक्ष पाहून केलेल्या नाहीत, नंतर एकत्र लिहिलेल्या आहेत. निरीक्षकाचं नाव: एम. मालयार्स. पाठवून दिलं आणि फोनशेजारी बसली.

"बाई," योस्ट म्हणाला. ह्या वेळी धाप नव्हती. "मालयार्स म्हणजे तुमचे..."

"वडील."

"नुसतं संशयास्पद म्हणून खूण केली असती तरी चाललं असतं."

"संशय नाहीये, योस्ट."

तिकडे कागद सरकवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "माझ्या आजोबांचं घरही स्खाउवेनचंच," आणि फोन ठेवला.

डिसेंबर गेला. सेंट निकोलसच्या सणाची चॉकलेटची अक्षरं वाटून झाली, ल्यूनीच्या पोरांनी आजीच्या घरी बर्फ नसलेल्या अंगणात बर्फाचा माणूस बनवायचा हट्ट धरला. तान्ना दर बुधवारी व्लिसिंगनला जाई. वहीचा विषय ती काढत नसे, बाबाही काढत नसत. फक्त एकदा निघताना ते म्हणाले, "ते जुळवतायत का? आकडे?" ती हो म्हणाली. त्यांनी मान हलवली, एखाद्या डॉक्टरच्या निकालाची वाट पाहणाऱ्यासारखी, आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. तिला घरी सायकल चालवताना आपल्या मागून कुणीतरी सायकलीवर येतंय असं सारखं वाटे. थांबून पाहिलं की कालवा आणि गवत.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, बुधवारीच, सकाळी योस्टचा फोन आला.

"ती नोंद काढून टाकून पुन्हा मांडलं. दूरची चौदा जहाजं, इंग्लंडकडची धरून. तीन वेळा मांडलं."

"किती आला?"

"रात्री नऊच्या सुमारास अकरा. पहाटेपर्यंत अकराच."

"मग बांध?"

"त्या तोंडाशी कमी पडतो. पाऊण मीटर, कदाचित जास्त. दुरुस्ती होईल, आठ-दहा वर्षं लागतील. मार्चमध्ये जाहीर करणार आहेत, तोवर कृपा करून बाहेर..."

"माझी मुलगी तिथं राहते."

"माहीत आहे, बाई." त्यानं खुर्ची पुढं ओढल्याचा आवाज आला. "हे बघा, तसा वारा चार हजार वर्षांत एकदा म्हणत होतो आपण. आता तेवढं म्हणता येणार नाही, एवढंच."

"किती म्हणता येईल?"

"अजून पक्कं नाही. काही जण शंभर म्हणतात."

दुपारी ती व्लिसिंगनला गेली तेव्हा वारा वायव्येचा होता. सायकल न घेता ती बसनं गेली. समुद्राकाठच्या रस्त्यावर फेस उडून येत होता आणि वृद्धाश्रमाच्या काचांवर मिठाचा थर चढला होता, त्यामुळे बाबांच्या खोलीतला उजेड दुधाळ दिसत होता. ते खिडकीशीच होते, पण जहाज कुठलंच दिसत नव्हतं. तिनं कोट काढला नाही.

"आला निकाल?" त्यांनी विचारलं.

"आला. अकरा."

बाबांनी डोळे मिटले. "अकराच," ते म्हणाले. "हो. अकराच होता."

खाटेत पांघरूण दातांत धरून पडलेल्या माणसाला अकरा होता हे कळत नाही. त्याला फक्त साखळी ओढतेय हे कळतं.

"तुम्ही पाहिलं होतं," ती म्हणाली.

"नऊला पाच कमी होती. उठलो. दार उघडलं, दोन्ही हातांनी धरून. पाणी पांढरं होतं, तान्ने, सगळं. हवा आणि पाणी वेगळं नव्हतं." ते डोळे मिटूनच बोलत होते. "आणि पाणी किनाऱ्याकडे चाललं होतं. भरतीच्या वर भरती. दहा वर्षं मी ते पाणी बघत होतो, मला कळलं ते कुठं चाललंय. कुणालाही कळलं असतं."

"आणि रेडिओ?"

"चालू होता."

तिनं खुर्चीची पाठ धरली.

"कळवलं असतं तर किनाऱ्यावरच्यांनी सांगितलं असतं, मारिनुस, पुन्हा बघून सांग. दर अर्ध्या तासानं बघून सांग. ते दार मला पुन्हा उघडवलं नसतं. मी हात पुढं केला होता रेडिओकडे. केला होता. मग खोलीत जाऊन पडलो." त्यांनी डोळे उघडले, ते कोरडे होते. "बांध पहाटे फुटला. मधे आठ तास होते. आठ तासांत माट्ये पोराला घेऊन चालत चर्चच्या मनोऱ्यापर्यंत चार वेळा जाऊन आली असती."

आईचं नाव त्यांनी तिच्यासमोर घेतलं ते आयुष्यात पहिल्यांदा. माट्ये. ते नाव थडग्यावर वाचलेलं होतं, ऐकलेलं नव्हतं. तिला राग यायला हवा होता. ती त्याची वाट पाहत उभी राहिली, आणि आला तो राग नव्हता. तिनं पिशवीतून वही काढली, खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसली. गुडघ्याला गुडघा लागला.

"वेळ सांगा."

"काय?"

"निरीक्षणाची वेळ. नीट सांगा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांची पाठ हळूहळू ताठ झाली. "वीस पंचावन्न."

"दिशा?"

"वायव्य. किंचित उत्तरेकडे."

"जोर?"

"अकरा."

"समुद्र?"

"पांढरा. लाटा मोजता येत नाहीत. पाणी किनाऱ्याकडे चढतंय." त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "बांधाखालच्या लोकांना उठवा असं लिही."

तिनं लिहिलं. लिहिताना तिच्या लक्षात आलं की आपलं अक्षर उजवीकडे चढतंय. बाहेर काचेवर फेसाचा एक पट्टा येऊन आदळला आणि खाली ओघळला, आणि त्यामागून दुसरा.

"आता कळव," बाबा म्हणाले.

योस्टला मार्चपर्यंत गप्प राहायचं वचन तिनं दिलं नव्हतं. त्यानं मागितलं तेव्हा मुलगी तिथं राहते, एवढंच ती म्हणाली होती. खाटेशेजारचा फोन तिनं मांडीवर घेतला आणि ल्यूनीचा नंबर फिरवला. साडेतीन वाजले होते. पोरं शाळेतून यायची वेळ, ती घरात शिरत असतील, बूट काढत असतील. बाबा पुढं वाकून रिसीव्हरकडे कान देऊन बसले. पलीकडे, बांधाखालच्या त्या घरात, फोन वाजत होता. दहादा वाजला. वीसदा वाजला. तिनं तो ठेवला नाही.